चाळिसात एकदा

त्या कचेरीत सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: पुन्हा चालवून बघा. प्रोग्राम अडला, पुन्हा चालवून बघा. चाचणी लाल झाली, म्हणजे नापास झाली, तरी पुन्हा चालवून बघा. दुसऱ्यांदा हिरवी झाली की मंडळी चहाला मोकळी. आठ टेबलं, दोन खिडक्या आणि अखंड घरघरणारा एक पंखा एवढ्या त्या खोलीत हे औषध न घेणारी एकच बाई होती, आणि ती नेमकी सगळ्यांत नवी होती.

नवी म्हणजे कामाला नवी. वय एकेचाळीस. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला काकू म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी अकरा वर्षं ती घरी होती. मुलगी लहान, सासरे अंथरुणाला खिळलेले. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे न विचारताच ठरलं होतं. सासरे गेले, मुलगी शाळेत रुळली, तेव्हा तिने माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या आणि आठ महिने नव्याने प्रोग्रामिंग शिकली. सतरा मुलाखती दिल्या. सोळा ठिकाणी 'मधली अकरा वर्षं काय केलंत?' असं विचारून तिला गोड हसून दारापर्यंत पोचवण्यात आलं. सतराव्या ठिकाणी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिने संपले की नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. ते सहा महिने येत्या शुक्रवारी संपत होते.

कंपनीचं काम इस्पितळातल्या घंटांचं. रोग्याने खाटेजवळचं बटण दाबलं की त्या वॉर्डातल्या टेबलावर घंटा वाजायची आणि खाटेचा नंबर दिसायचा. हे सगळं तळघरातल्या एका मोठ्या संगणकावरून व्हायचं. तिथे प्रत्येक वॉर्डाचा एक प्रोग्राम, आणि त्याने आपल्या वॉर्डाच्या घंटा ऐकत बसायचं. अशा ऐकणाऱ्या प्रोग्रामला संगणकात एक नंबराची खिडकी लागते. तिला पोर्ट म्हणतात. पूर्वी कुठल्या वॉर्डाने कुठल्या खिडकीशी बसायचं हे आधीच ठरवून दिलेलं असे. पण त्याच संगणकावर इस्पितळाचे आणखी दहा प्रोग्राम होते आणि खिडक्यांवरून त्यांची रोज जुंपायची. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात काकूने तोडगा काढला. नंबर आपण ठरवायचाच नाही. शून्य मागायचं. शून्य नावाची खिडकी नसतेच. शून्य मागणं म्हणजे 'जी रिकामी असेल ती दे बाबा' एवढंच. संगणक एक नंबर देईल, तो यादीत लिहायचा, आणि घंटांनी यादी बघून त्या खिडकीशी जायचं. कचेरीतल्या चाचणीत भांडणं थांबली. मॅडम, म्हणजे कचेरीच्या प्रमुख, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे आपल्याला दोन वर्षं कसं सुचलं नाही?" काकू त्या दिवशी घरी उड्या मारतच गेली.

आणि आता शेवटचा आठवडा उरला असताना चाचणी लाल झाली. तीन नंबरच्या वॉर्डाची घंटा वाजली नाही.

"पुन्हा चालवून बघा, काकू," शेजारच्या टेबलावरचा झटपट म्हणाला. खरं नाव त्याला होतं, पण ते वापरायला कुणाला सवड होती? दिलेलं काम तो दिलेल्या वेळेच्या आधी करायचा आणि मग आठवडाभर निस्तरत बसायचा. मुलगा मनाने मात्र सोनं.

तिने पुन्हा चालवली. हिरवी. पुन्हा, पुन्हा. सगळ्या हिरव्या. एकोणचाळिसाव्या वेळेला पाच नंबरचा वॉर्ड लाल.

"चाळिसात एकदा?" झटपट हसला. "एवढं तर माझ्या घरची लाइटपण जाते. सही करून टाका. येत्या शनिवारी इस्पितळात बसवायचंय सगळं."

चाचणीच्या कागदावर सही काकूची लागणार होती. तिने कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

तिची नणंद एका इस्पितळात परिचारिका होती. रविवारी सकाळी ती आली तेव्हा काकूने भाजी चिरता चिरता सहज विचारलं, "ताई, तुमच्याकडे एखादी घंटा वाजली नाही तर काय होतं?"

"काय व्हायचंय? पेशंट पुन्हा दाबतो."

"आणि दुसऱ्याच वॉर्डात वाजली तर?"

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे बघ वहिनी. टेबलावर दिसतं, खाट सात. मी धावत माझ्या सातव्या खाटेपाशी जाते. तो बिचारा घोरत पडलेला. मी त्याला उठवून विचारते, काय झालं, तो मला शिव्या घालतो. आणि ज्याने दाबलंय तो तिकडे दाबतोच आहे, दाबतोच आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." मग तिने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. "का गं? असं होतं की काय?"

"माहीत नाही," काकू म्हणाली. "पण कळल्याशिवाय मी सोडणार नाही."

सोमवारपासून तिने त्या लाल रंगाचा पिच्छा पुरवला. कंटाळलेल्या माणसासारखं तेच तेच चालवत बसण्यात अर्थ नव्हता. चाळिसात एकदा कशाने होतं? तिने एकेक वॉर्ड वेगवेगळा सुरू करून बघितला. दोनशे वेळा हिरवं. मग तिच्या डोक्यात आलं की वीज जाऊन परत येते तेव्हा वॉर्ड एकेक करून थोडेच सुरू होतात? तिने बाराही वॉर्ड एकदम सुरू केले. विसात एकदा लाल. आणखी घाई केली, दहात एकदा. आता दुखणं हाताला लागायला लागलं होतं. तिने प्रत्येक प्रोग्रामला आपली प्रत्येक हालचाल वेळेसकट लिहायला लावली, ते सगळं कागदावर छापून घेतलं आणि फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचायला बसली. येता-जाता लोक विचारत, "काकू, परीक्षा कधी आहे?" ती वर बघायचीसुद्धा नाही.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फूटपट्टी थांबली. तीन नंबरच्या वॉर्डाने शून्य मागितलं, त्याला खिडकी मिळाली. त्याने खिडकीचा नंबर यादीत लिहिला. आणि लिहिण्याआधी ती खिडकी सोडून दिली होती. नंतर परत येऊन तिथेच बसायचं, असा बेत. मधे गेला पापणी लवण्याइतका वेळ. तेवढ्यात पाच नंबरच्या वॉर्डाने शून्य मागितलं आणि संगणकाने त्याला नुकतीच मोकळी झालेली तीच खिडकी दिली. यादीत दोघांच्या नावापुढे एकच नंबर. पाच आधी जाऊन बसला, तीनला जागा नाही. तीनच्या साऱ्या घंटा आता पाचमध्ये. कुणी रिकाम्या खुर्चीवर बसून लगेच उठावं, घरच्यांना फोन करून सांगावं की मी अमुक खुर्चीवर आहे, आणि परत येऊन बघावं तर तिथे दुसराच बसलेला, असला हा वेंधळेपणा होता.

हा वेंधळेपणा कुणी लिहिला, हे शोधायला तिला कागदाची गरज पडली नाही. त्या ओळी तिच्याच होत्या. दुसऱ्या आठवड्यातल्या, मॅडमनी कौतुक केलेल्या. तीन दिवस सगळ्यांच्या ओळी फूटपट्टीखालून घातल्या आणि निघालं काय? काखेत कळसा. तिला आधी हसू आलं आणि लगेच कॅलेंडर आठवलं. शुक्रवार परवावर होता.

तिने झटपटला सांगितलं. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "काकू, कुणाला बोलू नका. गुपचूप दुरुस्त करू, अर्ध्या तासाचं काम आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे रे. पण मग बाराही वॉर्ड पुन्हा तपासायला नकोत? ते शनिवारपर्यंत होत नाही. मी कशाच्या जोरावर सही करू?"

गुरुवारी सकाळी बैठकीत तिने उभं राहून सांगितलं की शनिवारी बसवता येणार नाही, आणि का ते फळ्यावर काढून दाखवलं. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. इस्पितळाला तारीख दिलेली होती. "हे कुणी लिहिलंय?" म्हणत त्यांनी पडद्यावर ती फाइल उघडली. कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, ते तिथे लिहिलेलं असतं. त्या ओळींपुढे नाव झटपटचं होतं.

महिन्यापूर्वी त्याने फाइल नीटनेटकी केली होती, ओळी मागे-पुढे सरकवल्या होत्या, बस. त्याचे कान लाल झाले. तोंड उघडून 'ह्या ओळी काकूंच्या' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं, पण तो टेबलाकडे बघत गप्प बसला. आणि खोटं कशाला बोला, काकूही क्षणभर गप्प बसली. त्याची नोकरी पक्की होती. त्याला फार तर दोन शब्द ऐकावे लागले असते. तिच्यामागे सोळा दारं होती. हे सगळं तिच्या मनात आलं आणि आल्याची तिला अशी काही लाज वाटली की आवाज ठरवल्यापेक्षा मोठाच निघाला.

"त्याने फक्त आवरलंय. लिहिलंय मी. चूक माझी आहे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "शोधलीत पण तुम्हीच," त्या म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही. पण वर उत्तर मला द्यायचंय. तारीख चुकली की मी कुणाला लगेच पक्कं करू शकत नाही. तुमची मुदत तीन महिने वाढवते. चालेल?"

"चालेल," काकू म्हणाली. चालणारं नव्हतं. दुपारी जिन्यात जाऊन ती रडली, तोंड धुतलं आणि परत टेबलाशी आली. तिथे झटपट तिच्यासाठी चहा घेऊन उभा होता.

"सॉरी काकू. मी बोलायला हवं होतं."

"हवंच होतं," ती म्हणाली. "बस आता. एकाने सुरू करायचं, एकाने लिहायचं."

दुरुस्ती सोपी होती. वॉर्डाच्या प्रोग्रामने स्वतःच शून्य मागायचं, मिळालेल्या खिडकीशी ठाण मांडायचं, क्षणभरही न उठता 'मी कुठल्या नंबरावर बसलोय?' हे संगणकालाच विचारायचं, आणि बसल्या जागेवरून यादीत लिहायचं. बाराही वॉर्ड एकदम सुरू करत दोघांनी आठवडाभर मोजलं. शंभर हिरव्या झाल्यावर मॅडम म्हणाल्या, पुरे. काकू म्हणाली, चारशे. चारशेच झाल्या. सही मात्र तिने इस्पितळात घंटा वाजेपर्यंत राखून ठेवली.

इस्पितळात बसवलं त्या दिवशी तिने तंत्रज्ञाला तळघरातल्या संगणकाची वीज मुद्दाम घालवायला आणि पुन्हा लावायला सांगितलं आणि स्वतः तीन नंबरच्या वॉर्डात जाऊन उभी राहिली. सातव्या खाटेवर एक म्हातारी होती, पायाला प्लास्टर घातलेली. काकूने तिला बटण दाबायला सांगितलं.

"कुणी येतं का पण?" म्हातारी म्हणाली. "मागच्या खेपेला मी दाबून दाबून दमले. शेवटी चादर ओली झाली. सुनेला कळू नये म्हणून मी पाणी सांडलं म्हणाले."

ती घंटा जुनी होती, काकूच्या ओळींच्या आधीची. पण तिच्या ओळी शनिवारी बसल्या असत्या तर चाळिसातली ती एक हीच खाट असू शकली असती. "दाबा आजी," ती म्हणाली.

म्हातारीने दाबलं. वॉर्डाच्या टोकाला घंटा वाजली, परिचारिकेने मान वर करून आकडा बघितला आणि ती भरभर चालत सरळ सातव्या खाटेशी आली. "काय हवंय आजी?"

"काही नको गं," म्हातारी म्हणाली. "बघत होते." आणि तिने पुन्हा एकदा दाबलं.

काकूने पर्समधून चाचणीचा कागद काढला आणि खाटेच्या कठड्यावर ठेवून सही केली.