वाचून दाखवायचा मजकूर

माझा थोरला भाऊ जिल्ह्याचा बातमीदार होता आणि मी त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक. तो फोनवरून बातमी सांगायचा, मी उतरवून घ्यायचो. फोन ठेवण्याआधी सगळा मजकूर त्याला वाचून दाखवायचा आणि त्याने 'बरोबर' म्हटलं तरच छपाईला सोडायचा, असा आमचा नियम होता. एखादं वाक्य मी माझ्या मनाने सरळ केलं, की पलीकडून यायचं, "हे मी बोललो नाही. तिथे तू होतास काय?"

गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. एका दिवाळी अंकासाठी त्याला एकच गोष्ट लिहायची होती: आमच्या वडिलांनी होडी विकली तो दिवस. खाडीत भराव पडला, जाळ्यात मासळी येईना, तेव्हा ती विकली. मी बाहेरगावी शिकत होतो. किनाऱ्यावर वडिलांबरोबर फक्त दादा होता.

उलव्यातल्या त्याच्या फ्लॅटवर मी रविवारी जायचो. बोललेलं लिहून घेणारं सॉफ्टवेअर त्याच्या संगणकावर टाकून दिलं होतं. सुरुवातीच्या चुका साध्या होत्या. तुटलेली वाक्यं, गावांची चुकलेली नावं. त्या मी सुधारायचो. पुढे त्याचं बोलणं बिघडत गेलं आणि मजकूर मात्र स्वच्छ येऊ लागला. शेजारी बसून मला जे कळत नव्हतं, ते पडद्यावर नीटनेटकं उमटायचं. ऐकू आलं नाही तिथे सॉफ्टवेअर अंदाजाने भरत होतं.

होडीच्या दिवसापाशी आलो. दादा बराच वेळ बोलला. पडद्यावर आलं, 'वडील खूप रडले.' मी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, नाही. पुन्हा बोलला. 'वडील काहीच बोलले नाहीत.' नाही. मग आलं, 'वडिलांनी होडीला शेवटचा नमस्कार केला.'

"किती छान आलंय," वहिनी म्हणाली. "राहू दे ना, भावोजी."

"तो नाही म्हणतोय."

"जन्मभर लोकांच्या बातम्या खोडल्या तुमी, आता घरातली तरी सोडा. यांना बोलता येत नाय, तुमाला ठाऊक नाय. मग सांगनार कोन हाय?"

मी प्रश्न विचारू लागलो. वडील रागावले? त्याने डाव्या हाताने खूण केली, नाही. हसले? नाही. होडी घेणाऱ्याला काही म्हणाले? हात पटकन वर आला. हो.

"काय म्हणाले?"

दादा बोलला. पडद्यावर आणखी एक गुळगुळीत वाक्य आलं. ते वाचायच्या आधीच त्याने डोळे मिटले.

मी ते वाक्य पुसलं, जागा रिकामी ठेवली आणि मजकूर पहिल्यापासून वाचून दाखवला. रिकाम्या जागेपाशी थांबलो, मग पुढचं वाचलं. संपल्यावर वहिनी आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो.

त्याने 'बरोबर' म्हटलं नाही, डावा हातही वर केला नाही. दिवाळी अंक निघाला. मजकूर अजून संगणकातच आहे.