काढलेली नव्हे, लावलेली

कांताच्या दुखण्याला घरात ‘रक्ती आव’ म्हणत. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, १९७० साली, ते जडले आणि पुढची चार वर्षे तिने दिवसातून पंधरा-पंधरा वेळा परसाकडची वाट तुडवली. काढे झाले, पथ्ये झाली, गोळ्यांनी काही महिने उसंत दिली आणि दुखणे पुन्हा उलटले. वजन छत्तीस किलोवर आले तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नेमगोंडाला, समोर बसवून सांगितले की याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. मोठे आतडे पुरते काढले तरच ही वाचेल. मग लहान आतड्याचे तोंड पोटावर आणून त्यावर जन्मभर रबरी पिशवी लावावी लागेल.

“आणि मुलंबाळं?” नेमगोंडाने खाली मान घालून विचारले.

“होतील की. गर्भाशयाला आम्ही हातही लावणार नाही.”

शस्त्रक्रिया पार पडली. निपाणीजवळच्या त्यांच्या खेड्यात निरोप घेऊन गेला तो चुलत दीर भरमू. दवाखान्यात ऐकलेल्या एवढ्या सगळ्यातला एकच शब्द त्याला ओळखीचा वाटला होता. अंगणात सायकल टेकवता टेकवता तो म्हणाला, “वैनीचं पिशवीचं आपरेशन झालं. बरी हाय.”

त्या मुलखात बाईच्या पोटात पिशवी एकच, गर्भाची. आणि तिचे ऑपरेशन म्हणजे ती काढून टाकणे. कांताची सासू जयाबाई लेकाच्या दुसऱ्या लग्नाच्या विचाराला लागली. महिन्याभरात तिने चिकोडीकडची एक मुलगी मनात धरली आणि कांता घरी परतली त्याच दिवशी शेजारच्या नागुबाईने ते तिच्या कानावर घातलेही.

एका वाक्यात उलगडा झाला असता. पण तेच वाक्य कांताला बोलता येईना. घर जैनांचे, अंघोळ करून, धुवट नेसून चुलीपुढे जायची रीत. पोटावर मळ बाळगणाऱ्या सुनेला तिथे कोण उभे करणार? बोलावे तर चूल जाते, न बोलावे तर सवत येते. नेमगोंडा “मी सांगतो” म्हणाला खरा, पण आईपुढे असल्या विषयावर त्याची जीभ उचलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कांताने सासूला माजघरात बोलावले, दार लोटले आणि पदर बाजूला केला.

“आत्या, पिशवी काढल्याली न्हाय. लावलीया. ही बघा.”

जयाबाईने वाकून पाहिले. “आणि आतली?”

“आतली हाय तशी हाय. पोरं व्हतील म्हणालेत डॉक्टर.”

“त्या भरम्याला आधी गोठ्यात बांधते!” म्हातारी उसळली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. “पर कांता, चुलीपुढं गं?”

“ह्यात हाय तेच तुमच्या पोटात बी हाय, आत्या. तुमी ते घेऊनच चुलीपुढं बसता. माझं तेवढं भायेर दिसतंय.”

जयाबाईने सुनेचा पदर सारखा केला. “लई शिकून आलीस गं दवाखान्यातनं,” ती उठत म्हणाली. “जा, अंघोळ करून भाकरी टाक. नवरा उपाशी हाय तुझा.”

गावात येणाऱ्या जैन मुनींच्या आहाराचा स्वयंपाक मात्र जयाबाईने स्वतःकडेच ठेवला, आणि कांतानेही तो मागितला नाही. तिचे झगडे वेगळे होते. रबराखालची कातडी सोलून निघे. जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा शिवून तिने त्यावर तोड काढली. अंगातले पाणी आणि मीठ पिशवीतून लवकर निघून जाई, म्हणून उन्हाळ्यात तंबाखूच्या रानात जाताना मीठ-लिंबाच्या पाण्याचा तांब्या ती कधी विसरली नाही. रक्त पुन्हा दिसले नाही. १९७७ साली कमला जन्मली.

१९८६ मध्ये डॉक्टरांनी कांताला मुद्दाम बेळगावला बोलावून घेतले. हेच दुखणे असलेली खानापूरकडची तानीबाई शस्त्रक्रियेला तयार होत नव्हती. जयाबाई नातीचा हात धरून हट्टाने बरोबर निघाली.

“पिशवीचं आपरेशन म्हंत्यात,” खाटेवर तानीबाई रडत होती, “मग माजा संसार ऱ्हातोय कुठला?”

कांता तोंड उघडणार तोच सासूने नऊ वर्षांच्या कमलाला पुढे केले.

“काढत न्हाईत गं बाई, लावत्यात! ही बघ, तेच्यानंतर झालीया.” आणि कांताच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आन् ही माझी सून. बारा वर्सं झाली, हिच्याच हातचं खातीया मी.”