घरून धुऊन आणलेले पाय

आमच्या पिंपरीच्या ख्रिस्ती मंडळीत पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी असतो, आणि गंमत अशी की त्यासाठी प्रत्येक जण घरूनच पाय घासूनपुसून येतो. प्रभू येशूने शिष्यांचे धुळीचे पाय धुतले; आम्ही पुढे करतो ते साबणाने धुतलेले. मी तर बहुधा धुणाऱ्यांतच असायचो. कमरेला टॉवेल बांधून गुडघे टेकले की मागून कुणीतरी म्हणायचं, "किती नम्र माणूस!" ते ऐकायला मी कान टवकारून असायचो, हे आज कबूल करतो.

आणि हाच नम्र माणूस सख्ख्या थोरल्या भावाशी बोलत नव्हता. आईच्या आजारपणात दादा एकदा म्हणाला होता, "तुझ्या घरी तिला पाणी विचारायलाही कुणी नसतं." ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आधी तो बोलेल, मग बघू, असं मी ठरवलं. आई सारखी विचारायची, "बोललात का रे दोघं?" मी विषय बदलायचो. पुढे ती गेली. तिची शवपेटी आम्ही दोघांनी समोरासमोर उचलली, तरी बोललो नाही.

यंदा चर्चच्या पाळकांनी मला पाय धुऊन घ्यायला खुर्चीत बसायला सांगितलं. पण महाळुंग्याच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून निघालो, तर तळवड्याजवळ बस बंद पडली. घरी जायला वेळच उरला नाही. सकाळपासून सेफ्टी शूजमध्ये उकडलेले पाय घेऊन मी तसाच चर्चमध्ये शिरलो. पाहतो तर माझ्या रिकाम्या खुर्चीपुढे परात घेऊन दादा बसलेला. मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर टेकलो. पाळकांनी माझं नाव घेतलं, तरी मी उठलो नाही. सगळे वळून बघू लागले. शेजारी एक अनोळखी म्हातारी होती. माझ्या बुटांकडे बघत हळूच म्हणाली, "आरं लेका, त्यो धुवायलाच बसलाय न्हवं? मग घाण हायेत म्हून कशाला लाजतोस? जा की."

कसा उठलो, देव जाणे. दादाने मोजे काढले, वासाने तोंड फिरवलं नाही. तेव्हा दिसलं, त्याचे हात थरथरत होते. अर्धं पाणी बाहेरच सांडत होतं. हे कधी सुरू झालं, मला माहीतही नव्हतं. माझं काळंनिळं नख बघून तो म्हणाला, "दुखतं का रे?" मला रडू आवरेना. "दादा, चुकलो," एवढंच बोलता आलं.

नंतर त्या म्हातारीला शोधलं, पण ती निघून गेली होती. तिला कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही; आभार मात्र रोज मानतो. इतकी वर्षं लोकांचे पाय धुतले, ते सोपं होतं. आपले मळलेले पाय दुसऱ्याच्या हाती देणं मला जमत नव्हतं, आणि प्रभूला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

आता दर रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघे आईच्या कबरीवर जातो. मी तिला सांगतो, "बोललो गं आम्ही." एवढंच तिला ऐकायचं होतं.