तात्यांच्या डाळिंबाला सुया कुणी टोचल्या?

रविवारी सकाळी तात्यांचा फोन आला, "बागंत ये. लगेच." तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पाथरी रोडला त्यांची डाळिंबाची बाग हाय... आवाजावरनंच कळलं, आपलं काहीतरी कांड बाहेर आलंय. फक्त कोणतं ते आठवंना.

गेलो तर तात्या आन काकू एका झाडाखाली बसलेले. खोडाला बुडापाशी बारीक बारीक भोकं, आन भोकातनं शेवईसारखा पांढरा भुसा बाहेर लोंबायलेला. वर पानं पिवळी पडलेली.

"सुई घिऊन आलतास का बागंत?" तात्या म्हणले.

आता माझी ख्याती तशीच हाय म्हणा... गेल्या साली बुजगावण्याला तात्यांचं धोतर-टोपी घालून बांधावर बसवलं होतं. काकू त्याला चहाला हाका मारून मारून थकली. पण ही भोकं माझी न्हाईत, हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटंना.

"दुसरं कोण करणार असलं रिकामं काम?" काकू म्हणली. तात्यांनी तर बागबंदीच केली, पाय ठेवायचा न्हाई म्हणले. इकडं झाडामागून झाड वाळायलेलं, आन गावभर माझं नाव...

लय डोकं फिरलं. बांधावरनं एक भोकं पडलेली वाळली फांदी उचलून आणली आन घरी कोयत्यानं उभी चिरली. आत काळ्या नळ्याच नळ्या, आन एका नळीत तिळापेक्षा बारका, तपकिरी भुंगेरा... मी अंगणात नाचलोच.

फोटो काढून आमच्या कृषी सहायक मॅडमला पाठवला. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी येडाच झालो. हा भुंगेरा लाकूड खातच न्हाई. अंगावर बुरशीचं बी घिऊन येतो, खोडात भोक पाडतो, आत बुरशी पेरतो, आन त्याची पिल्लं ती बुरशी खातात... म्हणजे तात्यांच्या शेतात घुसून स्वतःची शेती करायलाय गडी.

गडी तरी कुठं... सगळं बाईच करते. नराला उडताबी येत न्हाई.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. झाड आजारी पडलं की आतनं आंबतं, दारूसारखा वास सुटतो, आन त्या वासावर हे येतात. बस, माझं डोकं चालू झालं. दोस्ताकडून थोडी देशी आणली, कोल्ड्रिंकच्या बाटलीला खिडक्या कापल्या, तळाला देशी ओतली. दुपारी तात्या आडवे झाल्यावर हळूच जाऊन बागंत बांधून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली सापडली काकूला.

तात्या माळकरी. घरात कांदा-लसूण चालत न्हाई, आन बागंत देशीचा वास... शेजारचे चार जण गोळा झाले, मला बोलावणं आलं. तात्या मला बघून एवढंच म्हणले, "आता हेच राहिलं होतं."

"तात्या, शिव्या नंतर द्या. आधी बाटलीत बघा," मी म्हणलं.

त्यांनी चष्मा लावला. तळाला भुंगेरे पडलेले, मोहरी सांडल्यागत. लय येळ बघत राहिले... "हे?" म्हणले. "हेच. सुईवाले," मी म्हणलं. मग नराचं सांगितलं, तर काकू म्हणली, "आपल्याकडं तरी वेगळं काय हाय."

सगळे हसले, तात्या सोडून. त्यांनी विचारलं, "मग आपल्याच बागंत का? शेजारी तर एक भोक न्हाई."

त्याचं कारणबी मॅडमनी सांगितलं होतं... मुळाशी पाणी साचलं की झाड आंबतं. पानं पिवळी पडली म्हणून तात्यांना वाटलं झाड तहानलंय, आन त्यांनी ड्रिप दुप्पट येळ चालू ठेवली. जितकं पाणी, तितका वास. जितका वास, तितके पाहुणे. मी हळू आवाजात सांगितलं.

तात्या उठले, व्हॉल्वपाशी गेले आन स्वतःच्या हातानं बंद केला.

जी झाडं पार गेली होती ती उपटून जाळावी लागली. जाळ लावताना तात्यांकडं बघवत नव्हतं... पोरागत वाढवलेली झाडं. बाकीच्या खोडांना मॅडमनी सांगितल्याप्रमाणं औषध घालून गेरूचा लेप दिला. आता नवा भुसा निघत न्हाई, आन काही झाडांना कोवळी लाल पालवी फुटलीय.

काल बागंतल्या कळ्या कुणीतरी तोडल्या. काकूनं सवयीनं माझं नाव घेतलं... तर तात्या म्हणले, "थांब गं. आधी बघू, मग बोलू."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. तात्या, लय आभार... कळ्या खरंच मी न्हाई तोडल्या.