बोटीवरचे ऑफिसर

हसा, खुशाल हसा, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. माझा जो पोपट झाला ना, तो भर समुद्रात झाला, दोन देशांच्या मधोमध. माझी अब्रू नेमकी कुठल्या देशात गेली, हेसुद्धा मला धड सांगता येत नाही!

२००३ सालची गोष्ट. मी मूळचा नागपूरचा, नोकरी ओहायोतल्या डब्लिनला. कंपनीने काही महिन्यांसाठी मला मेन राज्यातल्या पोर्टलंडला क्लायंटकडे पाठवलं होतं. बायको, सुजाता, डब्लिनलाच. सातवा महिना लागलेला. बाळ झालं की त्याला घेऊन नागपूरला जायचं, आजी-आजोबांना दाखवायचं, असं आमचं ठरलं होतं. पण माझ्या पासपोर्टावरचा व्हिसा संपला होता. अमेरिकेत राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडलो की नव्या शिक्क्याशिवाय परत यायची सोय नाही.

हा शिक्का कॅनडात मिळायचा, हॅलिफॅक्सच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. आणि तिथे नाही म्हणाले तर? तर तिथूनच थेट भारतात! म्हणजे सुजाता इकडे, बाळ इकडे, आणि मी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात लुंगी घेत फिरतोय!

पोर्टलंडहून संध्याकाळी एक मोठी बोट निघायची, ती सकाळी कॅनडात पोचायची. केबिन सगळ्या भरलेल्या, म्हणून मी हॉलमधल्या खुर्चीचं तिकीट काढलं. ते ऐकून सतीशने भुवया उंचावल्या. सतीश म्हणजे माझ्याच प्रोजेक्टवरचा, पुण्याचा. ऑफिसात कुणाचंही व्हिसाचं काही असलं की हा आधी सल्ला देणार, मग चहा पिणार.

"यार, बोटीने चाललायस? सांभाळून बरं का. बोटीवर इमिग्रेशनचे साध्या कपड्यातले ऑफिसर असतात."

"काय सांगतोस?"

"शेजारी येऊन बसतात. गोड गोड गप्पा मारतात आणि सगळं काढून घेतात. खोटं बोलू नकोस, काही लपवू नकोस. आणि लग्नाचा अल्बम घेऊन जा."

"अल्बम कशाला? व्हिसा नोकरीचा आहे."

"आणि विचारलं, लग्न खरंच झालंय का, तर? सप्तपदीचे फोटो वर ठेव."

आता आली का पंचाईत! आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, एकमेकांना हार, झालं लग्न. होम नाही, फेरे नाहीत.

"मग तर नीट समजावून सांगावं लागेल बाबा," सतीश म्हणाला. त्या एका वाक्याने माझी झोप उडाली.

तर बोटीवर चढलो. खिडकीजवळचं टेबल पकडलं, अल्बम मांडीवर घेतला, आणि घाम पुसत बसलो. आजूबाजूला लोक सुट्टीच्या मूडमध्ये. कुणी पत्ते खेळतंय, कुणी गातंय. मी एकटाच परीक्षेला आल्यासारखा.

आणि ते आले.

उंच, धिप्पाड. केस बारीक कापलेले, जाड मिशी, शर्ट खोचलेला, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. सरळ माझ्यासमोर येऊन उभे. आता तुम्हीच सांगा, हा माणूस ऑफिसर नाही तर काय कीर्तनकार?

त्यांनी विचारलं, "हाऊ लाँग विल यू बी हिअर?"

इथे किती काळ राहणार! पहिलाच प्रश्न आणि थेट मुद्द्यावर! मी उभा राहिलो.

"सर, नियमाप्रमाणे सहा वर्षं. तीन झालीत, तीन बाकी आहेत. त्यानंतर कायदा म्हणेल तसं."

ते थोडे मागे सरकले. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश समोरच्या खुर्चीत बसले.

"एकटाच आहेस?"

"बायको आहे सर. सातवा महिना. लग्न खरं आहे. पुरावा आणलाय." आणि धाडकन अल्बम उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

बघा, त्यांनी मागितला नव्हता. पण माणूस एकदा घाबरला ना, की मागितलेलं राहतं बाजूला आणि न मागितलेलं हजर होतं.

त्यांनी चष्मा काढला, लावला, आणि एकेक फोटो बघायला लागले. लग्नाच्या हॉलमध्ये मागे भिंतीवर तो फोटो होता, निळ्या कोटातला, चष्म्याचा. कुणाचा ते तुम्हाला सांगायला नकोच. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे तुझे वडील?"

खोटं तर बोलायचं नाही. मी म्हणालो, "एका अर्थाने हो सर. आम्हा सगळ्यांचेच."

"अच्छा! किती भावंडं तुम्ही?"

"कोट्यवधी, सर."

त्यांनी फोटो पुन्हा एकदा, अगदी जवळून बघितला. "ग्रेट मॅन," म्हणाले. मी मान डोलावली. खरंच होतं ते.

मग मी सुटलोच. त्यांनी नुसतं "हे कोण?" म्हणायचा अवकाश, मी पूर्ण माणूस उलगडून ठेवायचो. सासरे पोस्टात, गाव वर्धा. मामेसासरे लग्नात रुसले होते, कारण त्यांना मटण उशिरा वाढलं. मधल्या मेव्हणीचं एमएस्सी राहिलंय. मी शाळेत दोनदा गणितात नापास झालो. हेही सांगितलं! उद्या दुसरीकडून कळलं तर?

शेवटी ते उठले. "जरा हवा खाऊन येतो."

येतो म्हणाले, ये म्हणाले नाहीत. पण न गेलो तर पळून गेला म्हणतील! मी अल्बम काखेत मारून मागे. डेकवर ते कठड्याला टेकले, मी चार हात अंतरावर उभा. ते कॉफी घ्यायला गेले, मी धावत जाऊन दार उघडलं. ते बाथरूमला गेले, मी बाहेर उभा राहिलो. बाहेर येऊन मला बघितलं तर दचकलेच.

"मुला, तुला झोपायचं नाही का?"

"मी जाऊ शकतो, सर?"

"अरे, फ्री कंट्री आहे."

"कुठली, सर? आपण तर मध्येच आहोत."

ते हॉलमध्ये परत गेले. खुर्चीत बसले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि घोरायला लागले. मला वाटलं, मी काय करतो ते बघायला मुद्दाम घोरतायत. मी सकाळपर्यंत ताठ बसून राहिलो, पाय हलवले नाहीत.

सकाळी बोट लागली. पायी उतरणाऱ्यांची रांग. "सर, तुम्ही पुढे." "नाही नाही, तू हो." ते माझ्या बरोब्बर मागे. म्हणजे शेवटपर्यंत सोडणार नाहीत!

कॅनडाच्या इमिग्रेशन काउंटरवर एक लहानखुरी बाई, पोनीटेल, गणवेशात. "कुठे राहता?"

मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. परवानगी नको का?

"मी तुम्हाला विचारतेय," ती म्हणाली.

"मॅडम, त्यांना सगळं सांगितलंय."

तेही बिचारे मदतीला धावले. "ओहायोला राहतो, डब्लिन. कॉम्प्युटरचं काम. बायकोला सातवा महिना. सासरे पोस्टात."

बाईने पेन खाली ठेवलं. "तुम्ही एकत्र आहात?"

"छे! काल संध्याकाळपर्यंत मी याला पाहिलंही नव्हतं."

"मग हे कोण?" तिने मला विचारलं.

आणि मी, मूर्खासारखा, अदबीने म्हणालो, "मॅडम, हे तुमच्याच खात्यातले ऑफिसर आहेत."

मागून आवाज आला, "मी काय आहे?"

दोनच मिनिटांत आम्ही दोघं आतल्या खोलीत! डोळ्यांसमोर सुजाता. तिला फोन करून काय सांगू? 'अगं, मी कॅनडात आहे, पण कॅनडाच्या आत नाही'?

व्हिसा पुढे मिळाला बरं का, आत्ताच सांगून टाकतो. हॅलिफॅक्सच्या साहेबाने दोन प्रश्न विचारले आणि दिला. मुलगी झाली, नागपूरला जाऊनही आलो. म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या खोलीत माझा होता ना!

मोठा अधिकारी आला. पांढरे केस, शांत माणूस. त्याने आधी त्यांना विचारलं, "तुम्ही याला सांगितलंत का, की तुम्ही ऑफिसर आहात?"

"देवाशपथ नाही! मी शाळेची बस चालवायचो, आता रिटायर झालोय. बहिणीकडे चाललोय. मला खिडकीजवळ बसायचं होतं, म्हणून याला विचारलं, तू या टेबलावर अजून किती वेळ आहेस."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या असतील.

"मग याच्या लग्नाचा अल्बम का तपासलात?"

"तपासला नाही हो. त्याने दाखवला, मी बघितला. छान लग्न होतं. सगळे पांढऱ्या कपड्यात. फक्त त्या मामांना जेवण उशिरा मिळालं."

अधिकाऱ्याने तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. मग घसा साफ करून तो माझ्याकडे वळला.

"यांना तुमच्या घरातली माणसं माहीत आहेत, सासऱ्यांची नोकरी माहीत आहे, कुणाला जेवण उशिरा मिळालं तेही माहीत आहे. तुम्ही अख्खी रात्र यांच्यासोबत काढलीत. तुम्हाला यांच्याबद्दल काय माहीत आहे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नाव? विचारलं नव्हतं. गाव? नाही. बायको, पोरं? एक अक्षर नाही.

खोटं तर बोलायचं नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो,

"सर, एवढंच, की हे ऑफिसर नाहीत. आणि तेही मला आत्ताच कळलंय."