राखेतल्या कोया

बी ठेवायचं तर उन्हात खडखडीत वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरून तोंड शेणमातीने लिंपायचं, हे मी आईकडून शिकले. लोह्याकडच्या आमच्या गावात आईचा हात बियाण्याला चांगला, असं सगळे म्हणत. ज्वारी, तूर, भोपळा, दोडका, कुणाचंही बी ती ठेवून देई. वर्षाने मडकं उघडलं तरी दाणा जसाच्या तसा निघे. एरवी आमच्या वस्तीकडे न फिरकणाऱ्या बायकासुद्धा त्यासाठी आमच्या दारात येत. तेव्हा आई जरा ताठ बसायची.

माझं लग्न औशाकडे झालं. लातूर जिल्हा नवाच झाला होता, आणि त्याच सुमाराला दोन वर्षं धड पाऊस झाला नाही. गावाबाहेरच्या गायरानात सरकारी रोपवाटिका निघाली. तिथे आम्ही बायका रोजगार हमीवर पिशव्यांत माती भरायला जायचो.

त्या उन्हाळ्यात आईचा निरोप आला की बांधावरचा आंबा वाळून राहिलाय, येऊन जा. तो आंबा तिने लग्न होऊन आल्या वर्षी लावलेला. आम्ही भावंडं त्याच्याच फांदीला बांधलेल्या झोळीत निजलेलो. विहीर आटली आणि त्याची पानं गळायला लागली. पण जाता जाता तो असा लगडला की फांद्या खाली टेकल्या. लातूर, अहमदपूर करत मी पोचले तेव्हा झाडावर एकही फळ उरलं नव्हतं. आईने माझ्यापुढे एक लिंपलेलं मडकं ठेवलं.

"ईस कोया हायत. पंधरा दिस पत्र्यावर वाळवल्यात. पाऊस पडला की लाव. हितं आता पाणी न्हाई, तुझ्याकडं तरी ऱ्हाऊ दे माय."

निघताना लेकरांसाठी अढीतले शेवटचे चार आंबेही तिने बांधून दिले.

रोपवाटिकेवर औशाचे एक म्हातारे बागवान माळीकाम करत. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या फळांचा धंदा. सगळ्या बायका त्यांना चाचा म्हणत. मी तिथे वर्षभर होते, पण त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी काही विचारलं तर मी शेजारणीकडे बघायची आणि तीच उत्तर द्यायची. त्या दिवशी बायका पाणी प्यायला गेल्यावर मी मडकं घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि या कधी लावायच्या, एवढंच विचारलं.

त्यांनी एक कोय उचलून कानाशी हलवली. "ह्याचा तर खुळखुळा झाला की बेटी. कुणी वाळवल्या?"

आईचं नाव माझ्या तोंडून निघेना. "घरच्यांनी," म्हटलं.

त्यांनी विळ्याने कोय फोडली. आतला गर आकसून काळा पडला होता. दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या तशाच.

"चिंच, सीताफळ, कवठ यांचं बी वाळव, राख लाव, दोन साल ठेव. आंबा, जांभूळ, फणस यांचं तसं न्हाई. आतली ओल गेली की खलास. पाण्यात ठेवलं तर कुजतं."

"मग पाऊस येईपर्यंत ठेवायचं कसं?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकला असावा. मग सावकाश सांगितलं. कोय धुवायची, एक दिवस सावलीत ठेवायची, की वरचं पाणी सुकतं. मग ओलसर वाळूत नाहीतर कोळशाच्या भुकटीत पुरायची. "मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. तोंड लिंपायचं न्हाई, फडकं बांधायचं. त्याला हवा लागती. चार-चार दिवसांनी बघायचं, बुरशी आली तर पुसायची. महिना, दीड महिना निघतो."

उरलेल्याही एकेक हलवून पाहिल्या. वीसच्या वीस मेलेल्या होत्या. मडकं उचलून मी परत फिरले आणि मला ते चार आंबे आठवले. लेकरांनी ते परवाच खाल्ले होते.

घरी येऊन मी उकिरडा उकरायला बसले. थोरल्या जाऊबाईंनी दारातूनच सासूबाईंना हाक मारली, "आत्याबाई, बघा, दुष्काळानं हिचं डोकं गेलं. परवाच्या कोया पुन्ना चोखायला हुडकून राहिली."

मी उकरतच राहिले. तीन सापडल्या. चौथी शेळीने चावून टाकली होती.

चाचांनी सांगितलं तशा त्या मी एका गाडग्यात ठेवल्या. गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. वाळूवर ओंजळभर पाणी शिंपडताना सासूबाईंनी पाहिलं. "माणसाला पाणी न्हाई आन् कोयांना का?" म्हणाल्या. माझे हात थांबले. दुसऱ्या दिवशी बघते तर गाडगं जागेवर नाही. सासूबाईंनीच ते उचलून रांजणाच्या बुडाशी ठेवलं होतं. "हितं झिरपतंय ते असंबी वायाच जातं," एवढंच बोलल्या.

आषाढ निम्मा सरल्यावर पाऊस आला. एक कोय कुजली होती. उरलेल्या दोन्हींना मोड आले होते. त्या मी पिशव्यांत लावल्या.

दिवाळीला माहेरी गेले तर आईने दारातच विचारलं, "लागल्या का ग?"

"लागल्या. दोन."

"ईसातल्या दोन. असल्या दुष्काळात लई झालं की."

मी गप्प बसले. तिच्या तोंडावर उजेड आला होता, तो मला घालवायचा नव्हता. त्यात काही चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गेले तर ओसरीवर ओळीने चार मडकी. एका मडक्याची शेणमाती अजून ओली होती.

"तुझ्या दोन लागल्या हे ऐकून बायका आल्या," आई म्हणाली. "गावातले निम्मे आंबे वाळलेत. औंदा समद्यांच्या कोया माझ्याकडं. हे थोरल्या आळीतल्या बाईचं. तिचं एकच झाड हाय, तेबी वाळून चाललंय."

जेवताना सांगू म्हटलं, सांगता आलं नाही. भांडी घासताना म्हटलं, तेव्हाही नाही. शेवटी आई तांदूळ निवडायला बसली तशी मी तिच्याकडे न बघता बोलले.

"माय, माझी दोन रोपं तुझ्या मडक्यातली न्हाईत."

"मग कुठली?"

"तू लेकरांना आंबे दिलतेस, त्याची. उकिरड्यातून काढून वल्या वाळूत ठिवल्या. मडक्यातली एकबी न्हाई लागली. आत काळ्या पडल्या हुत्या."

तिचा हात सुपातच राहिला. "दिवाळीला का न्हाई बोललीस?"

ती मला रागावेल असं वाटलं. पण ती त्या चार मडक्यांकडेच बघत होती.

"बायकांनी इश्वासानं दिल्यात ग," ती म्हणाली. "सांग, कशा ठिवायच्या."

मी सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "राखंत न्हाई?"

"न्हाई."

"ऊन?"

"एक दिस बी न्हाई."

लिंपलेल्या मडक्यांचं लिंपण तिने मुठीनेच फोडलं. दोन मडकी अजून लिंपायची होती; त्यांतल्या कोया कालच आलेल्या, चिकटपणा जायला वरवर राख लावलेली, पण उन्हात गेल्या नव्हत्या. हाताला जड लागत होत्या. तिसऱ्यातल्या निम्म्या बऱ्या वाटल्या. त्या सगळ्या आम्ही धुऊन सावलीत पसरल्या. थोरल्या आळीतल्या बाईच्या आठ दिवस पत्र्यावर होत्या. आईने एक कानाशी हलवली, मग दुसरी, मग आणखी एक. मग डोक्यावर पदर घेतला आणि ते मडकं काखेत मारून उठली.

"मी येऊ?"

"ये. सांगणार कोण मग?"

त्या बाई अंगणात होत्या. आई फाटकाशीच उभी राहिली. "बाई, ह्या मेल्या. चूक माझी हाय. झाडावर आजून फळ आसंल तर पिकू द्या. कोय कशी ठिवायची ते ही माझी लेक सांगती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाशी बघत काहीतरी बोलले.

"मोठ्यानं," आई म्हणाली.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने.