वरच्या अंगाचा झिरा

भादव्यात आई गेली, त्या दिवशी एटापल्लीकडची आमची नदी दुथडी भरून वाहत होती. भावकीनं तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं, पण दवाखाना पलीकडे... गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पूल काही झाला नाही. डोंगरातलं लाल पाणी उतरलं तेव्हा कुठं मला शहरात, ऊर्जानगरला निरोप आला. मी मातीलाही पोचले नाही.

हीच नदी होळीनंतर नुसती वाळू. ती उकरून झिरा काढायचा आणि पाझरेल तसं पाणी तुंबडीनं, म्हणजे वाळल्या भोपळ्याच्या वाटीनं, गुंडात, म्हणजे पितळी घागरीत, भरायचं. गावाचे झिरे वरच्या अंगाला. आम्हा बौद्धांचे खाली, म्हशी बसायच्या त्या डबक्याला लागून. बाप बांबू तोडायला जंगलात. आई मोहफुलं वेचून यायची आणि ते गढूळ पाणी लुगड्याच्या फडक्यानं गाळायची. माझा धाकटा भाऊ त्याच पाण्यानं, हगवणीनं गेला. त्याचे दिवस झाले आणि आई फावडं घेऊन वरच्या अंगाला गेली.

पाटलीणबाई काठावरून ओरडल्या, "काऊन वं, खाली वाळू सरली का?"

"वाळू हाय. पोरगं सरलं," आई म्हणाली आणि उकरत राहिली.

त्यांचे गडी झिरा बुजवून जायचे, आई सकाळी पुन्हा उकरायची. मी चिडले की म्हणायची, "बुजवू दे. त्याईलेच कटाळा येईन, मले नाई." रोज उकरून तिचा झिरा खोल गेला. वैशाखात वरचे सगळे आटले, तिचा पाझरत राहिला. मग गाव तिथंच गुंड घेऊन आलं. आईनं कुणाला अडवलं नाही. कुणालाही घेता यावी म्हणून तुंबडी काठावर पालथी ठेवून यायची. पहाटे तिच्याभोवती चितळांचे खूर उमटलेले असत. त्याच पाण्यावर मी वाढले, बी.ए. झाले, गावातली पहिली.

पाणी उतरल्यावर घरी गेले. तुंबडी खुंटीला, कोरडी ठक्क. पाटलीणबाई भेटायला आल्या होत्या. तुंबडीकडे बघत त्यांनीच विचारलं,

"बाई, फागुनात झिरा कोन उकरन आता?"

"तुमीच उकरा. जागा तुमाले माहीत हाय," मी म्हणाले.

त्या मान खाली घालून म्हणाल्या, "हो... माहीत हाय."

तुंबडी मी खुंटीलाच राहू दिली. आमच्या गावात उन्हाळ्यात आता एकच झिरा असतो, वरच्या अंगाला, आईच्याच जागेवर, आणि सगळं गाव त्यावर पाणी भरतं.